गादी आधी उसवायची

सोनाराच्या दुकानातला केर आम्ही भरून नेतो, असं सांगितलं की आपल्याकडचे पाहुणे माझ्याकडे जरा दयेनं बघतात. त्यांना वाटतं, म्हातारा जन्मभर झाडू मारत होता. पूर्वी मी तावातावानं समजावून सांगायचो, पुढे कंटाळलो. पण यंदा इथल्या मराठी मंडळाचे दोघे घरी आले, "काका, दिवाळी अंकाला तुमच्या धंद्याचं काहीतरी द्या" म्हणाले, आणि दोनदा चहा पिऊन गेले. तो चहा वाया जाऊ नये म्हणून हे. माझी शाळा तिसरीपर्यंत. मी बोलतो, नात उतरवून घेते. तिचं मराठी तमिळच्या चालीवर चालतं. तेव्हा काही खटकलं तर ते तिचं समजा, आणि काही आवडलं तर माझं.

आमचा धंदा गलाईचा. खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगली. कुठल्याही मोठ्या शहरात सराफबाजाराच्या मागच्या गल्लीत जा, नाकाला तेजाब झोंबलं की समजा, आत आमच्याकडचा माणूस बसलाय. मोडीचं सोनं गाळून शुद्ध करून देणं हे रोजचं काम. पण खरी विद्या केराची. सोनार कानस चालवतो तेव्हा सोन्याचा कीस उडतो. तो जमिनीवर पडतो, चटईत शिरतो, लुंगीत अडकतो, हात धुतले की मोरीत जातो. सोनार तो सगळा केर जपून ठेवतो. आम्ही तो आणून जाळतो, राख कुटून चाळतो, परातीत पाण्यानं धूत बसतो. हलकं वाहून जातं, जड तळाला राहतं. लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढायचा, उरलेलं टाकणखार घालून मुशीत वितळवायचं, मग तेजाबात टाकायचं. शेवटी एक गोळी हाताला लागते. कधी बाजरीएवढी, कधी बोराएवढी. ती ज्याच्या जमिनीवरची त्याला द्यायची आणि आपला वाटा घ्यायचा.

पंधराव्या वर्षी मी मामांबरोबर इथं आलो. तेव्हा चेन्नईला मद्रास म्हणत. साहुकारपेठेतल्या एका बोळात मामांची भट्टी होती, ती पुढे माझी झाली. तमिळ माणसाच्या लेखी उत्तरेकडून आलेला प्रत्येक जण 'सेट्टू', म्हणजे शेठ. पहिल्या दिवशी माझ्या पायात चप्पल नव्हती, तरी मी सेट्टूच. आणि गावी गेलो की मी मद्रासवाला. दोन्हीकडे खुर्ची मिळते, पण ती पाहुण्याची.

बढाई मारायची तर एवढीच मारतो की मला केर वाचता येतो. अक्षरावर अजून बोट ठेवावं लागतं, पण मूठभर केर तळहातावर पसरला की मी सांगतो, कोण बसत होतं. मी आलो तेव्हा केरात सुपारीची भुकटी असायची, नारळाच्या शेंडीचे धागे, विभूती. म्हणजे तमिळ सोनार, ज्यांना इथं आचारी म्हणतात. मग त्यात कुरमुरे निघायला लागले आणि जाळताना मोहरीच्या तेलाचा वास यायला लागला. मी घरात जाहीर केलं, बंगाली कारागीर आले. पुढे मेट्रोचं खोदकाम सुरू झालं, तेव्हा सगळ्या केरावर सिमेंटची पांढरी साय धरली. आणि आता तर केरच आटला. दागिने शहराबाहेरच्या कारखान्यांत यंत्रावर होतात आणि तिथली धूळ नळीनं ओढून घेतात. शहर कसं बदललं ते शिकलेले लोक आकडे मांडून सांगतात. मला ते चाळणीत दिसलं.

आता या विद्येचा एक पराक्रमही ऐका. एकदा एका बंद पडलेल्या गाळ्यातला केर मी मोठ्या हुशारीनं उचलला. इतका चमकत होता की दुसऱ्या गलाईवाल्याला दिसू नये म्हणून वर पोतं टाकून आणला. बायको म्हणाली, "अहो, सोनं एवढं चमकतं होय?" मी म्हटलं, "तू भाकरी बघ." दिवसभर जाळला, धुतला, पुन्हा धुतला. तळाला काही राहीना. त्या गाळ्यात लग्नपत्रिका छापत होते. ती सोनेरी भुकटी पत्रिकांवरच्या गणपतीची होती. आठवडाभर माझ्या भुवया चमकत होत्या आणि बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "ह्यांचं लग्न ठरलंय."

गिऱ्हाइकंही एकेक. जुन्या पट्टू, म्हणजे रेशमी, साड्यांची जर जाळून चांदी काढून देण्याचं कामही आम्ही करतो. मैलापूरकडची एक पांढऱ्या केसांची बाई असं गाठोडं घेऊन आली. तमिळमध्ये बोलत होती. मी तोंडातल्या तोंडात मराठीत म्हटलं, "म्हातारी आता तासभर घासाघीस करणार." ती शांतपणे मराठीत म्हणाली, "घासाघीस करणार नाहीं. तेवढी कापी देशील तर बरें." तंजावरकडचं घराणं. तिचं मराठी माझ्या पणजीपेक्षा जुनं. निघताना मला म्हणाली, "तुझें मराठी बिघडलें आहे रे." मी मुकाट्यानं कॉफी मागवली. त्यालाच ती कापी म्हणते.

पण सांगायचं आहे ते षण्मुगम आचारींचं.

आचारींची पट्टरै, म्हणजे दागिने घडवायची जागा, माझ्यापासून तीन बोळ पलीकडे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तिथला केर आमच्याकडे. माणूस माझ्याच वयाचा आणि माझ्याइतकाच हट्टी, म्हणून आमचं जमलं. त्यांच्या हाताखाली निमाई नावाचा बंगाली कारागीर होता. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा, एकोणीस वर्षं त्याच पट्टरैत बसलेला. मला तो आवडत नसे. कारण सांगताना आता लाज वाटते. तो बाहेरचा होता. मी त्याच्या आधीच्या गाडीनं आलो होतो, एवढाच काय तो माझा हक्क.

आचारींच्या आईचे तोडु होते. तोडु म्हणजे कानातल्या कुड्या. सात खड्यांच्या मधोमध मागे वळून बघणारा हंस. आचारींच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा तिनं हट्ट धरला, आजीचं हे जाडजूड नको, नव्या पद्धतीचं हलकं हवं. आचारींनी खडे काढले आणि तोडु माझ्या भट्टीवर आणले. मुशीत टाकण्याआधी दिव्याच्या काजळीवर धरून काळे केले आणि कागदावर दाबून त्यांचा ठसा उठवला. जुने आचारी नमुना असाच जपतात. मग म्हणाले, "सेट्टू, टाक." मी टाकले.

त्याला बरीच वर्षं झाली. त्या मुलीची मुलगी मोठी झाली, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली, आणि तिचं लग्न ठरल्यावर आजोबांना म्हणाली, "मला पणजीचेच तोडु हवेत." एका पिढीनं वितळवायला लावायचं आणि पुढच्या पिढीनं मागायचं, ही शहराची रीत. जुन्या फोटोत पणजीच्या कानात नुसता ठिपका दिसतो. हंस उरला होता तो फक्त त्या काजळीच्या ठशात.

त्याच सुमाराला आचारींची इमारत विकली गेली. तिथं मोटारी ठेवायची बहुमजली जागा होणार होती. आचारी मुलीकडे शहराच्या टोकाला, शोळिंगनल्लूरला निघाले, चौदाव्या मजल्यावर. तिथं बाल्कनीत उदबत्ती लावली तरी रखवालदार वर येतो, कोळसा कुठला पेटवणार? म्हणून त्यांनी ठरवलं, जाण्याआधी आपल्या पट्टरैची शेवटची धूळ काढायची आणि त्या सोन्याचे तोडु करून नातीला द्यायचे. हातून होणारं शेवटचं काम.

शेवटची धूळ हा आमच्याकडचा रिवाज. पट्टरै बंद होते तेव्हा जमीन खरवडायची, मोरीतला गाळ काढायचा आणि चटया, पाट, उंबरा, बसायची गादी, सगळं जाळायचं. वर्षानुवर्षं सोनं पीत आलेल्या वस्तू त्या. आग गलाईवाल्यानंच लावायची आणि गोळी मालकाच्या हातात ठेवायची. मी छाती पुढं काढून आचारींना सांगितलं, "दोन तोडुंना पुरेल एवढं काढून देतो. कमी पडलं तर मी गलाईवाला नाही."

सकाळी आठला जमायचं ठरलं. दुपारी इमारत पाडायचं मशीन येणार होतं. मी सहालाच पोचलो. कारण काही नाही. दुसऱ्यानं ठरवलेल्या वेळी जाणं मला जमत नाही. निमाई आत जमीन खरवडत होता.

"काका, आचारी को आने दो," तो म्हणाला.

"आचारी येईपर्यंत मशीन येईल," मी म्हटलं आणि अंगणातलं लोखंडी पिंप पेटवलं. चटया गेल्या, पाट गेले, उंबरा फोडून टाकला. मग मी आचारींच्या गादीला हात घातला. त्यांचे वडीलही तिच्यावरच बसत. वरचं कापड बदललेलं, पण आतली गादी तीच. इतकी जड की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सगळ्यांत जास्त सोनं गादीत असतं.

निमाईनं दुसरं टोक धरलं. "काका, गद्दी नहीं. आचारी ने बोला है, गद्दी को हाथ मत लगाना."

"का? तुला न्यायचीय?"

"मुझे क्या करना है काका. उन्होंने बोला है, बस."

"मी इथला केर नेतोय तेव्हा तुझा बाप पण ह्या गावात आला नव्हता!"

"मेरा बाप तो कभी आया ही नहीं, काका," तो म्हणाला. चेष्टेनं नव्हे, खरंच सांगत होता.

माझ्या डोक्यात एकच चाललेलं. ह्याला गादीतलं सोनं माहीत आहे. आम्ही निघून गेल्यावर हा गादी पळवणार. मी हिसका दिला. त्यानं टोक सोडलं. माझ्या ताकदीपुढं हरला असं मी त्या क्षणी समजलो. म्हातारा ओढाताणीत जळत्या पिंपावर पडेल म्हणून त्यानं सोडलं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

गादी पेटली. मेणकापडाचा वास आला. गादीत मेणकापड कशाला, हा प्रश्न माझ्या नाकाला पडला होता, पण तो डोक्यापर्यंत पोचायला आठ वाजावे लागले.

आचारी आले ते हातात कॉफीची किटली घेऊन. आत गेले, बाहेर आले.

"मेत्तै एंगे?" गादी कुठाय?

पुढचं सगळं बोलणं तमिळमध्येच झालं, मी आपल्या भाषेत सांगतो. आचारी निमाईवर कडाडले. "तुला सांगून गेलो होतो! त्या गादीत माझ्या बापानं मेणकापडात गुंडाळून नमुने शिवून ठेवले होते. दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांच्यावर बसत होता तो. आईच्या तोडुंचा ठसा मी माझ्या हातानं त्यातच घातला होता. आज माझ्या हातानं उसवणार होतो. एवढी राखता आली नाही तुला?"

निमाईनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग खाली मान घालून उभा राहिला.

आणि मी? मी लोखंडी सळईनं आग ढवळत होतो. ढवळायची काही गरज नव्हती. लोकांचं सोनं पन्नास वर्षं हाताळलं, कधी रतीभर इकडचं तिकडं केलं नाही, हे मी आल्यागेल्याला ऐकवत असतो. त्या दिवशी एक वाक्य माझ्याकडे होतं आणि ते दुसऱ्याच्या अंगावर पडू दिलं. किटलीतली कॉफी निवेपर्यंत गप्प होतो. एकदा ठसा उठवून तोडु वितळवले, आता ठसाही जाळला. त्या हंसाला दोन्ही वेळा मीच चूल दाखवली होती.

निमाईनं मग पिंपाशेजारचा एक विझलेला कोळसा उचलला. पट्टरैच्या भिंतीवर, जी दुपारी पडायची होती, एक वर्तुळ काढलं. भोवती सात ठिपके. आत हंसाचं पोट, पंख. मानेशी येऊन थांबला. पुसलं, पुन्हा काढलं.

आचारी दुरून बघत होते. तीन पावलं पुढं गेले. "तुला कसं माहीत?"

"तुम्हीच दाखवलं होतं. मंदिराच्या कामाच्या वेळी. गादी उसवून."

"तेव्हा तू किती दिवसांचा होतास इथं?"

"दुसरं वर्ष."

आचारींनी त्याच्या हातातून कोळसा घेतला. "मान एवढी वाकडी नव्हती." त्यांनी काढली. निमाई म्हणाला, "एवढी सरळपण नव्हती." आचारी चिडले. "माझ्या आईच्या कानात होते, तुझ्या आईच्या नाही!" "पण ठशात वाकडी होती." दोघं भिंतीपाशी भांडायला लागले. एक जण पुसतोय, दुसरा काढतोय, दोघांचे पंजे काळे. पाडकामाची माणसं आली तीही थांबून बघायला लागली. शेवटी दोघंही एका मानेपाशी येऊन गप्प झाले. निमाईनं मोबाईलवर भिंतीचा फोटो काढला.

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. "आचारी, गादी मी जाळली."

"तेरियुम," ते म्हणाले. माहीत आहे.

"कसं काय?"

"तुझ्या आगीला तू आजवर दुसऱ्या कोणाला हात लावू दिलायस? मला नाही लावू दिलास. ह्याला लावू देशील?"

"मग त्याच्यावर का ओरडलात?"

"कोणावर तरी ओरडायला हवंच होतं. तुझ्यावर ओरडलो असतो तर तू तणतणत निघून गेला असतास आणि आग अर्धी राहिली असती." मग निमाईकडे बोट केलं. "त्याची माफी मी मागेन. तुझी तू माग."

माफी मागायला मला चार दिवस लागले. त्यातही मी "त्या दिवशी धूर फार होता" अशी सुरुवात केली. निमाई म्हणाला, "हाँ काका, धुआँ तो था." त्याच्या या वाक्यानं जेवढं लागलं तेवढं आचारींच्या शिव्यांनी लागलं नसतं.

सोनं भरपूर निघालं. इतकं की मलाच खोटं वाटलं. बहुतेक सगळं त्या गादीतलं. माझी बढाई खरी ठरली आणि मला ती कोणाला सांगता येईना. माझा वाटा मी घेतला नाही. लोक याला मोठेपणा म्हणाले. मी तसं म्हणू दिलं, पण इथं छापून येतंय तर खरं सांगतो, घ्यायला हात पुढं होईना. तोडु निमाईनं घडवले, खडे आचारींनी बसवले. वयामुळं त्यांची एकेका खड्याला सकाळ जायची.

लग्नाला आम्ही गेलो. मी नवरीला आशीर्वाद देण्याच्या निमित्तानं तिच्या कानाजवळ इतका वाकलो की फोटोवाला म्हणाला, "तात्ता, जरा मागं." तात्ता म्हणजे आजोबा. हंस मागं वळून बघत होता. मी आचारींना हळूच विचारलं, "हुबेहूब तोच आहे का?"

त्यांनी वाकून हंसाची मान निरखली. मग म्हणाले, "आता हाच तो."

पुढं माझ्या बोळातही उंच इमारती आल्या. वरच्या मजल्यावरची लहान मुलं माझ्या धुरानं खोकायची, त्यांच्या आईबापांनी तक्रार केली. मी दोन वर्षं भांडलो. संपत, माझा मुलगा, म्हणायचा, "आबा, ते चुकीचं काय म्हणतायत? आईसुद्धा रात्रंदिवस खोकते." बायकोचा खोकला मी चाळीस वर्षं मद्रासच्या दमट हवेवर ढकलला होता. शेवटी संपतनं शहराबाहेर, आवडी नावाच्या गावाच्याही पलीकडं पत्र्याची शेड घेतली, उंच धुराडं बांधलं, आणि साहुकारपेठेतली भट्टी बंद करायची वेळ आली.

गलाईवाल्याच्या भट्टीचीही शेवटची धूळ काढावी लागते. आणि स्वतःची आग स्वतः लावत नाहीत. मी निमाईला बोलावलं. त्याची आता स्वतःची पट्टरै आहे, केर आमच्याकडेच येतो. या मधल्या वर्षांत इकडच्या गलाईवाल्यांत एक नियम पडून गेलाय, जाळायच्या आधी गादी उसवायची. नवीन मुलांना तो फार जुना रिवाज वाटतो. मीही तसंच वाटू देतो.

निमाईनं पिंप पेटवलं. मग पन्नास वर्षं माझ्या बुडाखाली असलेली गादी त्यानं मांडीवर घेतली, पातं काढलं आणि एका बाजूची शिवण उसवली. मी म्हटलं, "अरे टाक तशीच, माझ्या गादीत काय असणार?"

"नियम है काका."

त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला. चारी कोपरे चाचपले. काळा पडलेला कापूस तेवढा बाहेर आला.

"कुछ नहीं है, काका."

मी त्याच्याकडं बघितलं, गादीकडं बघितलं.

"नीट बघ," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा हात घातला.